चाकाचे नाव त्याच्या पाठीवर असते

इंदूरच्या छोटी ग्वालटोलीत मोटारींच्या सुट्या भागांची दुकाने दाटीने उभी आहेत, आणि शहरात जुन्या गाड्यांची खरेदी-विक्रीही जोरात चालते. या दोन्ही बाजारांत एक वस्तू सतत हात बदलत असते, ती म्हणजे कंपनीतून गाडीबरोबर न आलेली, मागाहून बसवलेली अलॉय व्हील. पहिल्या मालकाने ती हौसेने घेतलेली असते, दुसऱ्याला ती गाडीबरोबर आयती मिळते, तिसरा ती काढून विकून टाकतो. तोवर बिल गेलेले असते, खोके गेलेले असते, मधल्या टोप्याही गेलेल्या असतात. उरतो फक्त चार चाकांचा संच, आणि 'जपानी माल आहे' किंवा 'इम्पोर्टेड आहे' हे विकणाऱ्याचे तोंडी आश्वासन. पुढे खड्ड्यात एखादे चाक वाकते, तसेच दुसरे शोधायची वेळ येते, आणि तेव्हा कळते की आपली गाडी ज्या चाकांवर उभी आहे ती कोणी बनवली हेच आपल्याला माहीत नाही. हा प्रश्न बऱ्याचदा सुटू शकतो. तो सुटत नाही, कारण माणसे उत्तर चाकाच्या दर्शनी बाजूवर शोधतात. नक्षी, टोपी आणि स्टिकर यांवरून चाक ओळखता येत नाही. ते ओळखायचे त्याच्या पाठीवर कोणी, कोणत्या नियमाखाली आणि किती भाराची हमी नोंदवून ठेवली आहे, त्यावरून.

मुळात 'हे चाक कोणाचे?' या एका प्रश्नात तीन प्रश्न मिसळलेले असतात. नाव कोणाचे, आराखडा कोणाचा आणि धातू कोणी ओतला. ही तिन्ही उत्तरे एकच असतील असे आपण गृहीत धरतो, पण चाकांच्या धंद्यात ती अनेकदा वेगवेगळी असतात. गाडी बनवणाऱ्या बहुतेक कंपन्या स्वतः अलॉय व्हील ओततच नाहीत, त्या ती चाकांच्या कारखान्यांकडून घेतात. पुण्याजवळ शिक्रापूरला जपानच्या एन्केईचा कारखाना आहे, स्टील स्ट्रिप्स व्हील्सचा अलॉयचा कारखाना गुजरातेत मेहसाण्याला आहे. अशा कारखान्यांतून निघालेल्या चाकावर मधोमध गाडीच्या कंपनीचे चिन्ह असते आणि पाठीवर कुठेतरी कारखान्याची बारीक खूण. इंदूरकरांना ही व्यवस्था नवी वाटायला नको. पीथमपूरला आयशर आणि फोर्स यांची वाहने उभी राहतात ती असंख्य पुरवठादारांच्या भागांवर, आणि त्या पट्ट्यातल्या ओतकाम करणाऱ्या कारखान्यांची नावे वाहनाच्या नाकावर कधीच दिसत नाहीत. मागाहून बसवायच्या चाकांत ही साखळी आणखी लांबते. नाव एका व्यापाऱ्याचे, आराखडा दुसऱ्याकडून घेतलेला किंवा उचललेला, आणि ओतकाम तिसऱ्याच देशात, असे चाक अगदी सर्रास मिळते. म्हणून नुसते 'ब्रँड कळला' एवढ्यावर शोध थांबवणे पुरेसे नाही. आपल्याला हवा आहे तो या चाकाची जबाबदारी घेणारा माणूस.

दर्शनी बाजू इतकी फसवी का ठरते, तेही पाहायला हवे. मधली टोपी ही प्लॅस्टिकची, दाबून बसणारी चकती असते. तिचा व्यास जुळला की कोणत्याही नावाची टोपी कोणत्याही चाकात बसते, आणि नावाजलेल्या कंपन्यांच्या टोप्या व स्टिकर सुटे विकत मिळतात. आऱ्यांवर छापलेले किंवा चिकटवलेले नावही तसेच. ओतकामातच उमटलेले अक्षर आणि मागून चिकटवलेले अक्षर यांत नखाने जाणवेल इतका फरक असतो. राहिली नक्षी. अनेकांना ती सर्वांत भक्कम पुरावा वाटते, कारण चाक डोळ्यांत भरते ते नक्षीमुळे. पण नक्षीची नक्कल करणे सोपे आहे. आपल्याकडे 2000 च्या डिझाइन कायद्याखाली नोंदवलेल्या आराखड्याला जास्तीत जास्त 15 वर्षे संरक्षण मिळते, आणि त्यानंतर तो आकार कोणीही वापरू शकतो. ज्या आराखड्याची भारतात नोंदच झालेली नाही, त्याला तेवढेही संरक्षण नाही. जपानच्या रेज कंपनीने 1996 मध्ये टीई 37 हे सहा आऱ्यांचे घडीव चाक बाजारात आणले. ते इतके गाजले की त्याच धाटणीची ओतीव चाके आशियातल्या कित्येक कारखान्यांतून निघू लागली. लांबून पाहिली तर ती सगळी भावंडे वाटतात. जर्मनीच्या बीबीएसच्या जाळीदार चाकांचेही तेच झाले. ही कंपनी 1970 साली शिल्टाख गावात सुरू झाली, आणि बाउमगार्टनर व ब्रांड हे दोन संस्थापक आणि ते गाव यांच्या आद्याक्षरांतून तिचे नाव पडले. त्या जाळीची नक्कल नाही अशी चाकांची बाजारपेठ शोधून सापडणार नाही.

इथे एक आक्षेप येईल. आता मोबाइलवर चाकाचा फोटो टाकला की क्षणात त्याच्यासारखी चित्रे समोर येतात, मग पाठ कशाला वाचायची? चित्रशोधाचा उपयोग नक्कीच आहे. त्यातून हा आराखडा मूळ कोणत्या घराण्यातला, हे बऱ्याचदा कळते आणि पुढचा तपास कुठून सुरू करायचा ते ठरते. पण चित्रशोध तुलना करतो ती नेमकी नक्षीची, म्हणजे ज्याची नक्कल सर्वांत सहज होते त्याच गोष्टीची. अस्सल चाक आणि त्याची हुबेहूब नक्कल यांच्या फोटोंना तो एकच उत्तर देणार. शिवाय विक्रेते आपल्या मालाला प्रसिद्ध नावांची लेबले लावून फोटो टाकत असतात, त्यामुळे शोधात नाव वर आले म्हणजे ते खरे ठरत नाही.

तेव्हा चाक उतरवायचे. गाडीला लावलेल्या चाकाच्या आऱ्यांमधून टॉर्च मारून काही अक्षरे दिसतात, पण निम्मी माहिती आऱ्यांच्या मागच्या बाजूला, बोल्टच्या भोकांभोवती आणि हबला टेकणाऱ्या सपाट भागावर असते. काही खुणा तर टायरखाली झाकलेल्या असतात, म्हणून टायर बदलायला निघेल तो दिवस या कामाला सर्वांत चांगला. ब्रेकच्या काळ्या भुकटीचा थर साबणाच्या पाण्याने आणि जुन्या ब्रशने काढावा. तारेचा ब्रश किंवा पॉलिश पेपर वापरू नये, त्याने उथळ ठसे पुसले जातात. मग प्रकाश समोरून न टाकता अगदी तिरपा टाकावा, म्हणजे उंचवट्यांच्या सावल्या पडून अक्षरे उठून दिसतात. तरीही वाचता आले नाही, तर पातळ कागद धरून त्यावर पेन्सिल आडवी घासावी. ठसा कागदावर उतरतो आणि तो जपूनही ठेवता येतो.

आता समजा, एका चाकाच्या पाठीवर असे वाचता आले: 17×7.5जे, ईटी 38, 5×114.3, मॅक्स लोड 650 किलो, जेडब्ल्यूएल, व्हीआयए. यातले पहिले तीन आकडे मापे सांगतात. रिमचा व्यास 17 इंच, रुंदी साडेसात इंच, आणि 'जे' म्हणजे काठाच्या घडणीचा प्रकार. ईटी 38 म्हणजे हबला टेकणारा भाग रिमच्या मध्यरेषेपासून 38 मिलिमीटर बाहेर आहे, यालाच दुकानात ऑफसेट म्हणतात. 5×114.3 म्हणजे पाच बोल्ट, 114.3 मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर, दुकानातला पीसीडी. या आकड्यांतून बनवणारा कळत नाही, पण शोधाचे क्षेत्र मात्र फार आकसते. ह्युंदाईच्या क्रेटाला हा पीसीडी चालतो, मारुतीच्या स्विफ्टला 4×100 लागतो, फोक्सवॅगनच्या पोलोला 5×100, टोयोटाच्या फॉर्च्युनरला 6×139.7. एकाच चाकाला आठ किंवा दहा भोके, म्हणजे दोन वेगवेगळे पीसीडी पाडलेले असतील, तर ते चाक कोणत्याही गाडीच्या कंपनीने आपल्या गाडीसाठी बनवून घेतलेले नाही, हे जवळजवळ नक्की. मधल्या भोकाचे मापही असेच बोलके आहे. कंपनीच्या चाकाचे मधले भोक त्या गाडीच्या हबवर नेमके बसते: स्विफ्टला 54.1, पोलोला 57.1, क्रेटाला 67.1 मिलिमीटर. मागाहून विकायची चाके अनेक गाड्यांना चालावीत म्हणून हे भोक मोठे ठेवतात, बऱ्याचदा 73.1, आणि फरक भरून काढायला आत कडी घालतात. व्हर्नियर कॅलिपरने घेतलेले हे एक माप 'कंपनीचेच आहे' हा दावा जागच्या जागी तपासून देते. उलट, चाक खरोखर गाडीच्या कंपनीचे असेल तर पाठीवर सुट्या भागाचा क्रमांकही मिळतो. फोक्सवॅगन गटाच्या अलॉय व्हीलच्या क्रमांकात मधे '601 025' हे आकडे येतात, ह्युंदाईचा क्रमांक '52910' ने सुरू होतो. तो क्रमांक घेऊन अधिकृत विक्रेत्याच्या सुट्या भागांच्या खिडकीवर गेले की प्रश्न मिटतो.

मापांनंतर येतात मान्यतेची चिन्हे, आणि गैरसमज सर्वांत जास्त इथेच होतात. जेडब्ल्यूएल हे अक्षरचिन्ह दिसले की चाक जपानी, असे सांगितले जाते. हे खरे नाही. जेडब्ल्यूएल हे हलक्या धातूंच्या चाकांसाठीचे जपानी मानक आहे, आणि आपले चाक त्यात बसते असे बनवणारा स्वतःच जाहीर करतो. चीन, तैवान, थायलंड किंवा भारतात ओतलेल्या चाकावरही ते असते. व्हीआयए हे त्याच्या शेजारचे चिन्ह थोडे वजनदार, कारण ते जपानमधल्या त्रयस्थ संस्थेच्या चाचणीनंतर मिळते. पण ही दोन्ही चिन्हे फक्त चाचणीविषयी बोलतात, बनवणाऱ्याचे नाव सांगत नाहीत. वर्तुळात 'ई' आणि शेजारी आकडा, हे युरोपीय मान्यतेचे चिन्ह. त्यातला 1 जर्मनीचा, 2 फ्रान्सचा, 3 इटलीचा. इथेही आकडा मान्यता देणाऱ्या देशाचा आहे, ओतणाऱ्या देशाचा नव्हे, त्यामुळे 'ई 3' पाहून चाक इटलीत बनले असे म्हणता येत नाही. अमेरिकेतले 'डॉट' हे चिन्ह तर बनवणाऱ्याने स्वतःच्या जबाबदारीवर मारायचे असते, सरकार आधी तपासून ते देत नाही. परदेशी चिन्हांत शोधाच्या दृष्टीने खरे मोलाचे आहे ते केबीए आणि त्यापुढचा पाच अंकी क्रमांक. हा जर्मनीतल्या फ्लेन्सबुर्ग येथील संघीय मोटार वाहन कार्यालयाचा क्रमांक आहे. तो एका विशिष्ट चाकाला, विशिष्ट मापांना आणि विशिष्ट अर्जदाराला दिलेला असतो, आणि त्याच्यामागे एक मान्यतापत्र असते. चाकाच्या पाठीवर केबीए क्रमांक वाचता आला तर टोपी कोणाचीही असो, चाकाच्या नावाचा प्रश्न सहसा तिथेच संपतो.

आपल्याकडे आता याहून जवळचे साधन आहे आणि ते फार थोड्या ग्राहकांना ठाऊक आहे. केंद्र सरकारने 2020 मध्ये मोटारींच्या चाकांच्या रिमसाठी गुणवत्ता नियंत्रण आदेश काढला. उद्योगाला तयारीची मुदत देऊन तो लागू झाला, आणि भारतात विकायच्या रिमवर आयएसआय चिन्ह बंधनकारक झाले. हलक्या धातूंच्या रिमसाठीचे मानक आहे आयएस 16192, त्याचा दुसरा भाग प्रवासी मोटारींचा. आयएसआय चिन्हाच्या वर मानकाचा क्रमांक असतो, आणि खाली 'सीएम/एल' या अक्षरांपुढे परवान्याचा क्रमांक. हा परवाना भारतीय मानक ब्यूरो देते, आणि तो व्यापारी नावाला न देता विशिष्ट पत्त्यावरच्या विशिष्ट कारखान्याला देते. परदेशी कारखान्यालाही भारतात चाक विकायचे तर तो घ्यावा लागतो. ब्यूरोच्या बीआयएस केअर या मोफत ॲपमध्ये हा क्रमांक घातला की कारखान्याचे नाव, पत्ता, परवान्याची मुदत आणि तो कोणत्या उत्पादनासाठी आहे, हे सगळे समोर येते. म्हणजे सुरुवातीच्या तीन प्रश्नांतला सर्वांत अवघड प्रश्न, धातू कोणी ओतला, भारतीय ग्राहक दुकानाच्या काउंटरवर उभ्या उभ्या सोडवू शकतो. चिन्ह खोटे वाटले तर त्याच ॲपमधून तक्रार करता येते, आणि मध्य प्रदेशासाठी ब्यूरोचे शाखा कार्यालय भोपाळला आहे.

यावर कोणी म्हणेल की जुन्या चाकांवर हे चिन्ह असणारच नाही. बरोबर आहे, आणि म्हणूनच चाकाची तारीख काढता आली पाहिजे. अनेक ओतीव चाकांच्या पाठीवर नखाएवढे गोल घड्याळ उमटलेले असते. कडेने 1 ते 12 आकडे, मधे एक बाण, आणि बाणाच्या दोन्ही बाजूंना वर्षाचे शेवटचे दोन अंक. बाणाच्या डावीकडे 1, उजवीकडे 9 आणि टोक 7 कडे असेल, तर चाक जुलै 2019 मध्ये ओतलेले. साच्यात बसवलेली ही छोटी फिरती खुंटी कारखान्यात दर महिन्याला फिरवली जाते. काही कारखाने घड्याळाऐवजी वर्षाच्या आकड्याशेजारी महिन्यागणिक एकेक ठिपका ठोकत जातात. टायरवरचा चार अंकी आकडा मात्र या कामाचा नाही, तो टायरचा आठवडा आणि वर्ष सांगतो. 2019 च्या चाकावर आयएसआय नसणे स्वाभाविक आहे. 2024 च्या घड्याळाचे, भारतात नवे म्हणून विकलेले चाक त्या चिन्हाशिवाय असेल, तर ते का नाही, हे विकणाऱ्याने सांगितले पाहिजे. याच घड्याळाशेजारी बऱ्याचदा ओतशाळेची खूण असते: दोन-तीन अक्षरे, एखादा त्रिकोण, साच्याचा क्रमांक. ती एकटी फारसे सांगत नाही, पण त्याच कंपनीच्या खात्रीच्या चाकावर तीच खूण त्याच जागी सापडली तर पुरावा पक्का होतो.

चाक कसे घडवले तेही पाठीवरच दिसते, आणि त्यावरून मोठे दावे तपासता येतात. ओतीव चाकात वितळलेले ॲल्युमिनियम साच्यात शिरते. बाजूचे साचे जिथे मिळतात तिथे बारीक शिवण राहते, आणि यंत्रावर न कातलेल्या भागाला खरबरीत कातडी असते. घडीव चाक अखंड गोळा प्रचंड दाबाखाली दाबून करतात आणि मग यंत्रावर कोरतात. त्याच्या मागच्या खोबणींत हत्याराच्या फिरण्याच्या समांतर रेषा दिसतात, ओतकामाची शिवण दिसत नाही. एखादे चाक 'फोर्ज्ड' म्हणून दुप्पट-तिप्पट किमतीला दाखवले जात असेल आणि त्याच्या पाठीवर खरबरीत कातडी व तारखेचे घड्याळ असेल, तर ते ओतीव आहे असेच समजावे. वजनकाटाही इथे साक्षीदार होतो. अनेक नावाजलेले निर्माते आपल्या चाकांचे वजन जाहीर करतात. 17 इंची ओतीव चाक साधारण नऊ ते अकरा किलोंचे भरते. टायर काढलेले चाक जाहीर वजनापेक्षा दोन-अडीच किलोंनी जड निघाले, तर नाव कोणतेही असो, ते चाक ते नव्हे.

सर्वांत गंभीर आक्षेप यापुढचा आहे. जे लोक नक्षी आणि टोपी उचलतात, त्यांना साच्यात जेडब्ल्यूएल किंवा आयएसआय कोरायला किती वेळ लागतो? फारसा लागत नाही, आणि खोटी चिन्हे बाजारात आहेतच. पण म्हणून पाठ वाचणे निरुपयोगी ठरत नाही, कारण आपण एका खुणेवर निकाल देत नाही. परवान्याचा क्रमांक खोटा असेल तर ॲप त्याला ओळखणार नाही. तो दुसऱ्याचा उचललेला असेल तर पत्ता, उत्पादन किंवा मुदत यांपैकी काहीतरी चाकाशी विसंगत निघेल: क्रमांक दुचाकीच्या रिमचा असेल, किंवा परवाना संपल्यानंतरची तारीख घड्याळावर असेल. केबीए क्रमांक खोटा मारला तर त्यामागच्या मान्यतापत्रातली रुंदी आणि ऑफसेट पाठीवरच्या आकड्यांशी जुळणार नाहीत. नक्कल करणाऱ्याला एक खूण उमटवणे सोपे जाते. मापे, भार, तारीख, वजन, घडण आणि परवाना या सगळ्या खुणा एकमेकींशी जुळवून उमटवणे त्याला परवडत नाही, कारण त्याचा नफाच ती काळजी टाळण्यात असतो. जिथे पुरावे एकमेकांना दुजोरा देतात तिथे विश्वास ठेवावा, जिथे ते भांडतात तिथे ठेवू नये.

आणि तरीही काही जण म्हणतील की मापे जुळली, चाक बसले, वर्षभर चालले, मग बनवणाऱ्याशी काय देणे-घेणे? याचे उत्तर धातूच्या स्वभावात आहे. पोलादाला एक मर्यादा असते, त्याखालचा ताण ते कितीही वेळा सोसू शकते. ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंना तशी स्पष्ट मर्यादा नाही. लहान ताणही पुरेशा वेळा आला तर कुठेतरी तडा सुरू होतो. 205/55 आर 16 मापाचा टायर किलोमीटरला सुमारे 500 फेरे घेतो. इंदूरहून पुण्याच्या सुमारे 600 किलोमीटरच्या एका फेरीत प्रत्येक चाक 3 लाख वेळा वाकते आणि सरळ होते, लाख किलोमीटरांत 5 कोटी वेळा. तडा सुरू होतो तो बहुधा आतल्या दोषापाशी. वितळलेले ॲल्युमिनियम हवेतल्या बाष्पातून हायड्रोजन शोषते, आणि थिजताना तो बाहेर टाकते. धातूतला वायू नीट काढला नसेल तर आत बारीक छिद्रे राहतात. चांगले कारखाने चाकांची क्ष-किरणांनी तपासणी करतात, ती सुमारे 540 अंशांवर तापवून, पाण्यात विझवून, पुन्हा मंद आचेवर ठेवून मजबूत करतात. ही कामे झाली की नाहीत हे बाहेरून दिसत नाही. रंग, चकाकी, नक्षी सगळे सारखेच असते. ती झाल्याची ग्राहकाकडची खूण एकच: ओळखता येणारा बनवणारा आणि त्याच्या चाकाने सोसलेल्या चाचण्या.

त्या चाचण्या सौम्य नाहीत. वळणावर चाकाला जो पीळ बसतो तो यंत्रावर लाखो फेरे देऊन पाहतात, भाराखाली फिरवून पाहतात, आणि आघाताची चाचणी घेतात. या तिसऱ्या चाचणीच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत, आयएसओ 7141 मध्ये, टायर चढवलेले चाक 13 अंशांच्या कोनात बसवून त्याच्या काठावर 230 मिलिमीटर उंचीवरून वजन सोडतात. ते वजन किती, हे चाकावरच्या भारावरून ठरते: भाराच्या सहा दशांश अधिक 180 किलो. 500 किलो भाराच्या चाकावर म्हणजे 480 किलोंचा घाव पडतो. पाठीवरच्या 'मॅक्स लोड'ला म्हणूनच अर्थ आहे. गाडीच्या मागच्या ॲक्सलवर 1,000 किलो भार धरला असेल, तर प्रत्येक चाकावर किमान 500 किलोंची नोंद हवी. सात आसनी गाडीवर हलक्या गाडीची चाके पीसीडी जुळतो म्हणून चढवणारे या एका ओळीकडे पाहतच नाहीत. मानपूर उतरून धामनोदकडे जाणारा गणपती घाट इंदूरच्या लोकांना अपघातांमुळे परिचित आहे, आणि धुळ्याकडे जाताना पुढे बिजासन घाट लागतो. भरलेली गाडी, तापलेले ब्रेक आणि उताराचे वळण यांचा सगळा बोजा अखेर चार चाकांवर येतो.

याच शहराच्या दाराशी, पीथमपूरला, नॅट्रॅक्स या वाहन चाचणी केंद्राचा 11.3 किलोमीटरचा वेगवान चाचणी मार्ग आहे. 29 जून 2021 रोजी त्याचे उद्घाटन झाले. पुण्यात 1966 पासून एआरएआय ही संस्था वाहने आणि त्यांचे भाग तपासते आहे. एवढी यंत्रणा उभारून देश गाडीला मान्यता देतो ती तिच्या ठरलेल्या चाकांसह. ती चाके काढून अनोळखी चाके चढवली की चाकापुरती ती सगळी तपासणी रद्द होते. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 चा अर्थ लावताना निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येणार नाहीत, असे स्पष्ट केले आहे. विमा कंपनीला न कळवलेला बदल दाव्याच्या वेळी वादाचा मुद्दा होतो, तो वेगळाच.

सगळे करूनही काही चाकांचा बनवणारा सापडत नाही. पाठीवर फक्त माप असते, किंवा तेही घासून काढलेले असते. अशा वेळी अंदाजाने एखादे मोठे नाव चिकटवण्याचा मोह टाळावा. ज्यावर भाराची नोंद नाही, मान्यतेचा क्रमांक नाही आणि कारखान्याची खूण नाही, ते चाक कितीही देखणे असले तरी रस्त्यावरच्या गाडीला लावू नये. वेल्डिंग करून सरळ केलेल्या निनावी चाकाबाबत तर विचारच नको. आणि जुना संच विकत घेत असाल तर पैसे देण्यापूर्वी चारही चाके उतरवून त्यांच्या पाठी बघा, किमान एकाचा टायर काढायला लावा, आयएसआय असेल तर परवाना क्रमांक तिथेच ॲपमध्ये घाला. विकणारा याला तयार नसेल, तर तो संच घेऊ नका.